यंत्राबरोबर तज्ज्ञही हवा

मराठवाड्यातील शासकीय रुग्णालयांना नवी सीटी स्कॅन यंत्रे देण्याच्या निर्णयाचे वृत्त वाचले. निर्णय स्वागतार्ह आहे, परंतु स्कॅनचा अहवाल रात्री कोण देणार, याचा त्यात उल्लेख नाही. पक्षाघाताच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे ४.५ तासांच्या आत द्यावे लागते आणि मेंदूत रक्तस्राव नसल्याची खात्री स्कॅनवरून झाल्याखेरीज ते देता येत नाही. खेड्यातून निघालेल्या आमच्याकडच्या रुग्णाचा तर बराचसा वेळ रस्त्यातच जातो. एमबीबीएसनंतर असा अहवाल देणारा क्ष-किरणतज्ज्ञ घडायला आणखी ३ वर्षे लागतात. म्हणूनच नांदेड, लातूर, अंबाजोगाई येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील क्ष-किरण विभागांत एकही अध्यापकपद रिकामे राहू देऊ नये आणि जिल्हा रुग्णालयांचे स्कॅन तेथूनच रात्रंदिवस तपासले जावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, परभणी