पाइल किती खोल गेला ते कळलं, पण टेकलाय कशावर?

नमस्कार संपादक साहेब,

परवा तुमच्या पेपरात मऊ जमिनीवरच्या इमारतींवर लेख आला होता, बरं वाटलं की पायाबद्दल कुणीतरी लिहितंय, नाहीतर सगळं कौतुक वरच्या मजल्यांचंच असतं. पण पाइल, म्हणजे इमारतीखाली जमिनीत खोल उतरवलेले खांब, 30 मीटर खोल गेलेत म्हणजे काळजी मिटली, अशा अर्थाचं जे वाक्य त्यात होतं ते मला अजिबात पटलं नाही, पायलिंगच्या साइटवर बरीच वर्षं काढलीयत त्यामुळे गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

वरची माती कच्ची असली, म्हणजे गाळ, भराव, मऊ चिकणमाती वगैरे, तर इमारतीचं वजन तिच्यावर ठेवून चालत नाही, ते खाली कुठेतरी पोचवावं लागतं. पाइल हे दोन तऱ्हेने करतो. एक तर त्याचं टोक कातळावर किंवा घट्ट वाळूवर टेकतं आणि वजन तिथे उतरतं, नाहीतर त्याच्या अंगाला जी माती चिकटून असते तिच्या घर्षणावर तो भार पेलतो. बहुतेक पाइलमध्ये दोन्ही थोडंथोडं असतंच. घर्षणावरचा पाइल म्हणजे हलका माल असं समजायचं कारण नाही, बुर्ज खलिफाखाली दीड मीटर व्यासाचे 192 पाइल आहेत आणि तिथला खडक ठिसूळ म्हणून त्यांची मुख्य भिस्त घर्षणावरच आहे.

आता खोलीचं बघा. सॅन फ्रान्सिस्कोचा मिलेनियम टॉवर, 58 मजली, 2009 साली पूर्ण झाला, खाली साडेनऊशेच्या आसपास पाइल, ते पण 18 ते 27 मीटर खोल. ऐकायला भक्कम वाटतं ना? पण ते पाइल थांबले वाळूच्या थरात, आणि त्या वाळूखाली जुन्या चिकणमातीचा जाड थर होता, कातळ त्याच्याही खूप खाली. 2016 पर्यंत इमारत सुमारे 40 सेंटीमीटर खचली आणि एका बाजूला कललीसुद्धा. शेवटी दोन बाजूंनी 18 नवे पाइल थेट कातळापर्यंत नेऊन इमारतीचं काही वजन त्यांच्यावर घ्यावं लागलं, ते काम 2023 मध्ये संपलं. एकेकटा पाइल लोड टेस्टला, म्हणजे त्याच्यावर वजन देऊन बघायच्या चाचणीला, पास होतो हो, पण शेकडो पाइल जवळजवळ असले की सगळे मिळून एका मोठ्या ठोकळ्यासारखे वागतात आणि त्यांचा दाब एका पाइलच्या मानाने कितीतरी खोलवर पोचतो, तिथे चिकणमाती असली की ती वर्षानुवर्षं पाणी सोडत दबत राहते. लोड टेस्ट दोन-चार दिवसांची, ही गोष्ट तिच्यात दिसणार कशी?

अजून एक, हे तर लोकांना उलटंच वाटतं. मऊ मातीवर ताजा भराव टाकला की ती माती खाली बसायला लागते आणि बसताना पाइललाही खाली ओढते. म्हणजे जी माती पाइलला धरून ठेवेल म्हणून हिशोब मांडला तीच त्याच्यावर वजन होऊन बसते. भरावाच्या जागी हे डिझाइनमध्ये धरलंय का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पद्धती खूप आहेत, सगळ्या सांगत बसत नाही. तयार पाइल हॅमरने ठोकून बसवायचा, यात एक फायदा म्हणजे शेवटच्या काही ठोक्यांना तो किती मिलिमीटर सरकला हे मोजता येतं, जमीन स्वतःच थोडीफार उत्तर देते, पण आवाज आणि हादरे इतके की शेजारी जुन्या इमारती असल्या तर अवघडच. मग पोकळ स्क्रूसारखं ऑगर फिरवत खाली न्यायचं आणि वर काढता काढता त्याच्यातूनच काँक्रीट पंप करायचं, हे फास्ट होतं. आणि तिसरा बोअर करून जागेवर ओतायचा पाइल, माझा सगळा अनुभव याच्यातलाच.

रिग, म्हणजे बोअर पाडायचं यंत्र, भोक पाडते, वरच्या भागात लायनर, म्हणजे लोखंडी नळा, असतो, भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून बेंटोनाइटचं, म्हणजे एका बारीक चिकणमातीचं, पाणी भरलेलं असतं, त्यामुळे आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतच नाही, जे कळतं ते टेपला वजन बांधून खाली सोडलेल्या साउंडिंगवरून. एका साइटवर रात्री बोअर पूर्ण झाला, साउंडिंग बरोबर आलं, मग सळ्यांचा केज सोडला, त्यात जोड होते म्हणून दोनेक तास गेले. तोवर काँक्रीटची गाडी येऊन उभी, ड्रायव्हर घाई करतोय, सुपरवायझर म्हणतो मघाशीच मोजलंय की. मी पुन्हा टेप सोडला तर खोली 40 सेंटीमीटरने कमी भरली! वजनसुद्धा टणकन न लागता मऊ लोण्यात रुतल्यासारखं लागलं, हाताला लगेच कळतं ते. तेवढ्या वेळात तळाला गाळ बसला होता. तसंच ओतलं असतं तर पाइलची खोली कागदावर पूर्ण आणि टोक मात्र चिखलाच्या गादीवर. आम्ही तासभर फ्लशिंग केलं, म्हणजे पाणी फिरवून तळाचा गाळ बाहेर काढला, ती गाडी परत पाठवली, दुसरी मागवली, मला बोलणी खावी लागली ती वेगळीच.

आणि ओततानाही सुटका नाही. काँक्रीट थेट तळाशी सोडायला जो ट्रेमी पाइप असतो त्याचं तोंड सतत ओतलेल्या काँक्रीटमध्ये दीड-दोन मीटर बुडालेलं हवं. एकदा दुसऱ्या एका ठिकाणी घाईघाईत पाइप जास्त उचलला गेला, बेंटोनाइट मध्ये घुसलं, वरून काही कळलं नाही, पुढे छोट्या हातोडीने ठोकून जी इंटिग्रिटी टेस्ट करतात तिच्यात मध्येच दोष दिसला. तो पाइल सोडून देऊन बाजूला दोन नवे टाकावे लागले. पाइल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक पाइलच्या नोंदवहीत, पाइप किती वाजता किती उचलला ते लिहिलं होतं म्हणून चूक कुठे झाली ते सापडलं तरी.

या रजिस्टरसाठीच मी एवढं लिहितोय. जपानमध्ये योकोहामात 2015 ला एका रहिवासी संकुलातली इमारत किंचित झुकलेली आढळली, तपासात निघालं की काही पाइल पक्क्या थरापर्यंत पोचलेच नव्हते आणि त्यांच्या नोंदींच्या जागी दुसऱ्याच पाइलचे आकडे चिकटवले होते. शेवटी अख्खं संकुल पाडून नव्याने बांधायचं ठरलं.

शिवाय पाइल चांगले असले तरी बाजूची माती सांभाळावी लागते. शांघायमध्ये 27 जून 2009 ला 13 मजली इमारत उभीच्या उभी आडवी झाली, एका बाजूला सुमारे 10 मीटर उंच मातीचा ढीग, दुसऱ्या बाजूला पार्किंगसाठी 4.6 मीटरचा खड्डा, त्या फरकाने जमीन आडवी सरकली आणि खालचे पोकळ काँक्रीटचे पाइल तुटले. एक कामगार गेला त्यात. उभं वजन घेणारा पाइल आडवा धक्का तसाच घेईल असं नसतं, हे भूकंपाच्या जागी तर फारच लक्षात ठेवायला हवं.

तर साहेब, पुढच्या वेळी लेख छापाल तेव्हा पाइलच्या लांबीसोबत एवढं तरी विचारून छापा: जमिनीची तपासणी पाइलच्या टोकाच्याही खाली किती गेली होती, टोकाखाली कुठला थर आहे, ओतायच्या आधीचं शेवटचं साउंडिंग किती आणि किती वाजता घेतलं, आणि पाइल रजिस्टर घर घेणाऱ्याला बघायला मिळेल का. तिथे काम करणाऱ्या कुठल्याही इंजिनिअरला ही उत्तरं पाच मिनिटांत देता येतात, कागद जागेवर असले तर.

आपला,
पायलिंग साइटवरचा एक जुना इंजिनिअर