डोझर वळत नाही म्हणून लगेच प्लेटा बदलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुना बुलडोझर एका बाजूला वळेनासा झाला की बहुतेक कामांवर निदान एका वाक्यात उरकले जाते : ‘स्टिअरिंग क्लच गेला, प्लेटा बदला.’ मग सीट निघते, फ्लोअर प्लेटा निघतात, काही मॉडेलवर मागची डिझेल टाकीही उतरवावी लागते. नवा संच बसतो आणि थोड्याच काळात तेच दुखणे परत येते, कारण बिघाड प्लेटांत नव्हताच. तो ऑइल सीलमध्ये, लिंकेजमध्ये (लिव्हरपासून क्लचपर्यंतच्या जोडण्यांत) किंवा ब्रेक बँडमध्ये (ब्रेकच्या पट्ट्यात) होता. अशी चांगली यंत्रे ‘आता परवडत नाही’ म्हणून भंगारात जातात, हे आम्हा दुरुस्तीवाल्यांना पाहवत नाही. म्हणून मालक, ऑपरेटर आणि नव्या मेकॅनिकांसाठी हे सविस्तर पत्र.

रचना आधी ध्यानात घ्यावी. गिअरबॉक्समधून येणारी ताकद पिनियन आणि क्राउन या दातेरी चाकांवरून आडव्या शाफ्टला मिळते. त्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्लच असतो, हाच स्टिअरिंग क्लच. त्यात आतल्या दात्यांच्या आणि बाहेरच्या दात्यांच्या प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना सतत दाबून धरतात. बाहेरचा ड्रम फायनल ड्राइव्हला (चेन फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरांना) जोडलेला, आणि त्याच ड्रमभोवती ब्रेकचा पट्टा. लिव्हर ओढली की स्प्रिंगांचा दाब मागे हटतो, प्लेटा सुट्या होतात, त्या बाजूच्या चेनची (ज्यावर डोझर चालतो त्या लोखंडी पट्ट्याची) ताकद तुटते. ब्रेक दाबला की ती चेन थांबते आणि यंत्र तिकडे वळते. या यंत्रांत मोटारीसारखे डिफरेन्शिअल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअर-रचना, नसते. दोन्ही क्लच धड असतील तर दोन्ही स्प्रॉकेट (चेन फिरवणारी दातेरी चाके) एकाच वेगाने फिरलेच पाहिजेत. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तरी निम्मे निदान उभ्या उभ्या होते.

तक्रारी दोन प्रकारच्या असतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. ‘लिव्हर ओढूनही वळत नाही’ ही क्लच सुटत नसल्याची किंवा ब्रेक धरत नसल्याची तक्रार. ‘लिव्हर न ओढताच एका बाजूला ओढतो’ ही क्लच स्लिप होत (घसरत) असल्याची किंवा ब्रेक घासत असल्याची. ऑपरेटरने दोन्हींना ‘क्लच खराब’ म्हटले तरी मेकॅनिकने तसे म्हणून चालत नाही.

न वळणाऱ्या यंत्राची चाचणी अशी करावी. सपाट मोकळी जागा, आसपास माणूस नको, ब्लेड जमिनीपासून थोडे वर, पहिला गिअर, अर्धा थ्रॉटल. दुखऱ्या बाजूची लिव्हर पूर्ण ओढायची आणि मग त्याच बाजूचा ब्रेक हळूहळू दाबत न्यायचा. इंजिन एकदम दबले, बंद पडायला आले, तर ब्रेक ठीक आहे, क्लच सुटलेला नाही. इंजिन आणि ब्रेक एकमेकांशी झुंजत आहेत. इंजिनावर काहीच भार आला नाही आणि चेन तशीच फिरत राहिली, तर ब्रेक कमजोर आहे. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणारा भाग) असलेल्या यंत्रात इंजिनाचा आवाज इतका स्पष्ट पडत नाही, तिथे यंत्राच्या चालीकडे पाहावे. या एका चाचणीने कितीतरी वेळा क्लच न उघडता नुसता ब्रेकचा पट्टा आवळून काम होते. पट्ट्याचे लायनिंग (घर्षणाचा थर) रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजले असेल तर मात्र आवळत बसू नये. रिव्हेट ड्रमला चरे पाडतात आणि लायनिंगचे काम ड्रमवर जाते.

स्लिपची चाचणी याहून सोपी आहे. ब्लेड घट्ट मातीच्या बांधाला टेकवून पहिल्या गिअरमध्ये जोर द्यावा. एकतर दोन्ही चेन जमिनीवर घसरायला हव्यात, नाहीतर इंजिन दबायला हवे. एक स्प्रॉकेट फिरतोय आणि दुसरा उभा, असे दिसले तर उभ्या स्प्रॉकेटच्या बाजूचा क्लच स्लिप होतोय. दोन-चार सेकंदांत निकाल कळतो, त्याहून जास्त वेळ ताणू नये, कारण स्लिप होणारे लायनिंग तेवढ्यातच तापून करपते. यंत्र भार असताना आणि नसतानाही एकाच बाजूला ओढत असेल तर ब्रेक घासत असण्याची शक्यता अधिक. थोडे चालवून दोन्ही बाजूंच्या क्लच-ब्रेकच्या कप्प्यांची उष्णता ताडून पाहावी. त्याआधी दोन्ही चेनचा ताण सारखा आहे ना आणि ब्लेडचा एक कोपरा खाली नाही ना, हे बघायला पाच मिनिटे पुरतात.

उतारावर यंत्र उलटे वळते, ही तक्रारही येते. हा बिघाड नव्हे. तीव्र उतारावर इंजिन यंत्राला मागे धरून ठेवत असते. डावी लिव्हर ओढून ब्रेक लावला नाही तर डावी चेन त्या पकडीतून सुटते, जास्त वेगाने धावते आणि यंत्र उजवीकडे वळते. नव्या ऑपरेटरला हे उतारावर जाण्याआधी समजावून सांगितलेच पाहिजे, कारण ऐन क्षणी गोंधळ झाला तर जीवावर बेतते.

आता कारणांकडे. कोरड्या, म्हणजे तेलाविना चालणाऱ्या क्लचचा पहिला शत्रू तेल. क्लचच्या प्रत्येक कप्प्याच्या तळाशी एक ड्रेन प्लग असतो. तो काढून काय येते ते बोटांवर घेऊन चोळून पाहावे. स्वच्छ, पातळसर तेल धारेने आले तर सील नुकताच फाटला आहे. काळी, चिकट, लायनिंगच्या भुशाची पेस्ट आली तर गळती जुनी आहे आणि प्लेटा तेलाने भिजल्या आहेत. तांबूस पाणी आले तर आत गंज आहे. तेल आत यायचे मुख्य रस्ते दोन : क्राउनच्या कप्प्यातून आडव्या शाफ्टच्या सीलवाटे, किंवा फायनल ड्राइव्हमधून पिनियनच्या सीलवाटे. कोणता, हे दोन्हीकडच्या तेलाच्या पातळीवरून कळते. जिथली पातळी घटते तिथला सील गेला. क्राउनच्या कप्प्यात तेल खुणेच्या वर भरले असेल तर सील चांगला असूनही तेल झिरपते, तेवढेही तपासावे. रिलीज बेअरिंगला (लिव्हर ओढल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगला) हाताने भसाभस ग्रीस मारण्याची सवयही अशीच घातक. जादा ग्रीस फेकले जाऊन थेट लायनिंगवर बसते. मॅन्युअलमध्ये जितके स्ट्रोक दिले आहेत तितकेच मारावेत.

भिजलेल्या प्लेटा नेहमी फेकाव्याच लागतात असे नाही. प्लग बंद करून कप्प्यात ड्रमचा खालचा भाग बुडेल इतके धुण्याचे सॉल्व्हंट घालायचे, यंत्र थोडा वेळ मागेपुढे चालवायचे, काढून टाकायचे. दुसऱ्या खेपेला ताजे भरून लिव्हर ओढत-सोडत चालवायचे, म्हणजे प्लेटांच्या मधल्या फटी धुतल्या जातात. मग पूर्ण निथळू आणि वाळू द्यायचे. ओल्या क्लचवर भार घालायचा नाही. पेट्रोल कधीही वापरू नये, बंद कप्प्यात ठिणगीची खात्री कोण देणार? आणि सील न बदलता धुतलेला क्लच पुन्हा भिजणार हे गृहीत धरावे. लायनिंग आत खोलवर तेल प्यायले असेल किंवा करपून चकाकत असेल, तर धुणे व्यर्थ आहे.

दुसरा शत्रू गंज. बरेच दिवस उभे राहिलेले यंत्र चालू केले की क्लच सुटत नाही, कारण स्टीलच्या प्लेटा शेजारच्या प्लेटांच्या लायनिंगला चिकटलेल्या असतात. तपासणीचे झाकण काढून एकाने लिव्हर ओढावी, दुसऱ्याने आत पाहावे, अर्थात इंजिन बंद ठेवून. प्रेशर प्लेट (स्प्रिंगांचा दाब प्लेटांवर देणारी) मागे सरकतेय पण प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत, असे दिसले तर त्या चिकटल्या आहेत. लिव्हर ओढून बांधून ठेवावी आणि पातळ पात्याने एकेक प्लेट हलक्या हाताने सोडवावी. ड्रम फिरवत फिरवत पूर्ण घेर करावा. नंतर यंत्र गरम होईपर्यंत सपाटीवर चालवून लिव्हर ओढून ब्रेकला हलके झटके द्यावेत. जोरदार हिसके देऊन क्लच सोडवण्याचे धाडस करू नये. प्लेटा सुटायच्या आधी क्राउन-पिनियनचे दात तुटले तर दुरुस्ती कित्येक पटींनी वाढते.

प्रेशर प्लेटच पुरेशी सरकत नसेल तर दोष लिंकेजचा. पिना, भोके, फोर्क (बेअरिंग सरकवणारा दुबेळका), रिलीज बेअरिंग, सगळे थोडे थोडे झिजलेले असते. समजा लिव्हरच्या टोकापासून बेअरिंगपर्यंतचे प्रमाण २० : १ आहे. मग फोर्कजवळची १ मिमी झीज लिव्हरच्या टोकाशी २० मिमी हालचाल खाते. म्हणून लिव्हरजवळची पिन बदलून फारसा फरक पडत नाही. बेअरिंगजवळचे सांधे आधी पाहावेत.

फ्री प्ले, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल, हा तर सगळ्यांत दुर्लक्षिलेला विषय. लायनिंग झिजत जाते तशी प्रेशर प्लेट आत सरकते आणि लिव्हरचा मोकळा प्ले कमी होत जातो. प्ले शून्य झाला की लिव्हर न ओढताही बेअरिंग दाबलेले राहते, स्प्रिंगांचा थोडा जोर त्यातच जातो आणि चांगल्या प्लेटाही स्लिप होऊन जळतात. उलट, प्ले फार ठेवला तर क्लच पूर्ण सुटत नाही. माप प्रत्येक मॉडेलचे वेगळे. आपल्या सिरियल नंबरच्या मॅन्युअलमधलेच घ्यावे आणि लिव्हरच्या टोकाशी पट्टीने मोजावे. हाताच्या अंदाजाने नाही.

हे सगळे पाहूनही क्लच उघडायची वेळ आली तर सर्वांत आधी एक धोका ओळखावा. ब्रेक ड्रमवर असतो. ड्रम फायनल ड्राइव्हपासून सोडवला की त्या चेनला ब्रेक उरत नाही. म्हणून यंत्र सपाटीवर, ब्लेड आणि रिपर (जमीन फोडणारा मागचा फाळ) जमिनीवर टेकवलेले, दोन्ही चेनना पुढून-मागून ओंडके लावलेले असावेत. क्लच एकट्याने उचलण्याचा नाही. चेन पुली सरळ वर धरून काढावा. स्प्रिंगांत प्रचंड जोर कोंडलेला असतो. लांब बोल्ट घालून, समोरासमोरचे नट थोडे थोडे सोडत तो समान उतरवावा. एका बाजूचे नट आधी काढले तर प्लेट तिरकी होऊन सुटते आणि समोरच्या माणसाला इजा होते. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून फडके बंद पिशवीत टाकावे. योग्य मास्क वापरावा. रोज हवेचा पाइप मारणाऱ्या तरुण मुलांना हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहीत आहोत.

बाहेर काढल्यावर केवळ लायनिंगची जाडी मोजून थांबू नये. स्टीलची प्लेट सपाट पृष्ठभागावर ठेवून फीलर गेजने वाक पाहावा. वाकडी प्लेट लिव्हर ओढली तरी घासत राहते. स्प्रिंगांची मोकळी लांबी एकमेकींशी ताडावी, निळ्या पडलेल्या आणि आखडलेल्या बाद कराव्यात. शक्यतो पूर्ण संच बदलावा. आणि ड्रमच्या दात्यांवरून नख फिरवावे. जुन्या प्लेटांनी तिथे खाचा पाडलेल्या असतात. नव्या प्लेटा त्या खाचांत अडकतात, धड सुटत नाहीत आणि धड दाबल्याही जात नाहीत. ‘नवा संच टाकूनही फरक नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असते. उथळ खाच कानशीने सगळीकडे सारखी काढता येते. खोल असेल तर ड्रम किंवा हब (प्लेटा ज्यावर बसतात तो आतला भाग) बदलावा. एवढे उघडलेच आहे तर आडव्या शाफ्टचा सील आणि रिलीज बेअरिंग नवेच टाकावे. त्या सुट्या भागांपेक्षा पुन्हा उघडण्याची मजुरी कितीतरी जास्त पडते.

तेलातल्या क्लचबद्दल थोडक्यात. अनेक मॉडेलांत तो स्प्रिंगने दाबला जातो आणि तेलाच्या दाबाने सुटतो. त्यामुळे दाब कमी पडला तर यंत्र स्लिप होत नाही, वळत नाही. सकाळी थंड असताना वळते आणि दुपारी तापल्यावर वळत नाही, तर पातळ झालेले तेल पिस्टनच्या किंवा व्हॉल्व्हच्या सीलवाटे निसटत आहे असे समजावे. आधी गाळणी आणि तेलाची पातळी, मग गेज लावून दोन्ही बाजूंचा दाब. एकाच बाजूला कमी असेल तर त्या बाजूचा पिस्टन सील किंवा व्हॉल्व्ह. दोन्हीकडे कमी असेल तर पंप, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा तुंबलेली गाळणी.

ऑपरेटरसाठी दोन गोष्टी. लिव्हर आधी पूर्ण ओढायची, मग ब्रेक. सोडताना ब्रेक आधी, लिव्हर नंतर. अर्धी ओढलेली लिव्हर धरून वळण घेणे आणि काम नसताना लिव्हरवर हात टेकवून बसणे, या दोन सवयी कोणत्याही नव्या संचाला लवकर संपवतात. यंत्र महिनोन्महिने उभे राहणार असेल तर सायलेन्सरचे तोंड झाकावे, सीटखालचे झाकण पाणी गळणार नाही असे बसवावे आणि अधूनमधून चालू करून दोन्ही बाजूंचे क्लच वापरून घ्यावेत. पाण्यात किंवा चिखलात काम नसेल तेव्हा कोरड्या क्लचचा ड्रेन प्लग काढून ठेवण्याची सोय काही मॉडेलवर दिलेली असते. गळती सुरू झाली तर जमिनीवरचा तेलाचा डाग त्याच दिवशी दिसतो.

नवा क्लच बसवल्यावर पहिले काही तास हलके काम द्यावे आणि त्यानंतर फ्री प्ले पुन्हा मोजावा. नवे लायनिंग बसताना थोडे दबते, प्ले घटतो, आणि तो तेव्हा पुन्हा जुळवला नाही तर नवा संच पहिल्याच आठवड्यात स्लिप होऊ लागतो.

आपले,
अवजड यंत्रांची दुरुस्ती करणारे काही मेकॅनिक