पेन पाठवत नाही, त्याचं कारण

लेस्टर,
9 नोव्हेंबर 2025

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फराळाचा डबा पोचला. परवा फोनवर तू म्हणालीस, "ओंकार डिसेंबरात येतोय ना, त्याच्या बॅगेत तुझ्या त्या इंजेक्शनची दोन पेन टाकून दे." तेव्हा नीट बोलता आलं नाही. तुझा कुकर शिट्ट्या देत होता आणि भावोजी मागून बोलत होते. म्हणून सविस्तर लिहिते. मौंजारोचं, म्हणजे त्या वजन उतरवायच्या इंजेक्शनचं, पेन मी पाठवणार नाही. पण तू औषध घेऊ नयेस असं माझं म्हणणं मुळीच नाही. डॉक्टर हो म्हणाले तर तू ते घ्यावंसच, असं मला वाटतं.

माझं वजन कसं वाढत गेलं ते तू पाहिलंच आहेस. पाळी जायच्या सुमारास सगळं पोटावर येऊन बसलं आणि काटा 84 वर गेला. साखर काठावर, एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) 6.3, सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी. रात्रीचा भात सोडला, रोज तासभर चालले. चार किलो उतरायचे आणि गणपतीपर्यंत पाच चढायचे. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत मौंजारो या जूनपासून फॅमिली डॉक्टरांकडून मिळू लागलंय, पण पहिल्या टप्प्यात फक्त बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 40 किंवा त्याहून जास्त असलेल्यांना, आपल्या वंशाच्या लोकांसाठी 37.5, आणि त्यातही मधुमेह, बीपी वगैरे ठरलेल्या पाचपैकी चार दुखणी असतील तरच. माझा बीएमआय 34 होता. त्यामुळे मी गेल्या वर्षीपासून पदरचे पैसे घालून घेते, रिपोर्ट दाखवून, प्रिस्क्रिप्शनवर. सप्टेंबरात किंमत भरमसाट वाढली, तेव्हा मधल्याच डोसवर राहायचं ठरवलं. आज वजन 68 आहे.

शनिवारी रात्री फ्रिजमधून पेन काढते, नवी सुई लावते, खिडकीत आकडा येईपर्यंत टोकाचं बटण फिरवते. बेंबीपासून चार बोटं लांब टोचायचं आणि सावकाश पाच मोजेपर्यंत दाबून धरायचं. डास चावल्याइतकंही कळत नाही. सुरुवात 2.5 मिलिग्रॅमने असते, निदान चार आठवडे तेवढ्यावरच राहायचं, मग 5. पोटाला सवय व्हावी म्हणून ही चढण.

पण मला तुला सांगायचंय ते वेगळंच आहे. माझ्या डोक्यात दिवसभर खाण्याचा विचार चालायचा. जेवताना पुढच्या जेवणाचा, झोपताना फ्रिजमध्ये काय उरलंय त्याचा. पोट भरायचं, मन भरायचं नाही. औषध सुरू केल्यावर काही दिवसांतच तो विचार थांबला. दाबला नाही, गिळला नाही, आलाच नाही. परवा तुझ्या डब्यातली चकली खाल्ली. एकच. खुसखुशीत झालीय, ओवा छान लागतोय. आणि मी झाकण लावलं. ताई, ते झाकण लावणं माझ्यासाठी केवढं आहे हे तुलाच कळेल.

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-1 नावाचं हार्मोन सुटतं. ते मेंदूला सांगतं, पुरे. ते काही मिनिटांतच विरतं. औषधात त्याचीच नक्कल आहे, जोडीला जीआयपी या दुसऱ्या हार्मोनचीही, आणि ती आठवडाभर पुरते. म्हणजे "पुरे" म्हणणारा निरोप माझ्यापर्यंत नीट पोचतच नव्हता.

हे कळलं त्या रात्री मला आईची फार आठवण आली. संकष्टी, एकादशी, श्रावणातले सोमवार, सगळं करून ती जाडच राहिली. आणि वाड्यातलं प्रत्येक माणूस म्हणायचं, "तोंडावर ताबा नको का?" पंगतीत दुसऱ्यांदा भात घेताना ती आधी इकडेतिकडे बघायची, आठवतं? शेवटपर्यंत तिला वाटत राहिलं की दोष आपलाच. तो तिचा दोष नव्हता, ताई. तुझाही नाही. भावोजी म्हणतात ना, सुया टोचून बारीक होण्यात काय अर्थ? ते इतकी वर्षं बीपीची गोळी घेतात, त्यांना कुणी असं विचारत नाही.

आता त्रास. पहिले काही आठवडे मळमळ होती, तळलेलं पुढ्यात आलं की जास्तच. बद्धकोष्ठ तर बराच काळ. रात्री इसबगोल आणि दिवसभर आठवणीने पाणी, कारण भुकेबरोबर तहानही कळेनाशी होते. केस मुठीने गळले, आता थांबलेत. इथल्या एका मैत्रिणीला पित्ताशयात खडे झाले, वजन भराभर उतरलं की तो धोका असतोच. आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. मध्यंतरी जिना चढताना मांड्यांत जोर नाही असं वाटायला लागलं, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा वजनं उचलते आणि ताटात आधी उसळ, अंडी, पनीर संपवते, मग पोळी. आपल्या वयात हाडं आणि स्नायू गमावून बारीक होणं मला अजिबात मान्य नाही.

आणि तुझं प्रकरण माझ्यापेक्षा वेगळं आहे. तू साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेतेस. त्या गोळीवर हे इंजेक्शन चढवलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टर बहुधा गोळीचा डोस आधी कमी करतात. तू चतुर्थीला दिवसभर उपाशी राहतेस. घरात एकटी असताना घाम फुटून चक्कर आली तर? शिवाय साखर झपाट्याने उतरली की डोळ्यांच्या पडद्याचा जुना त्रास बळावू शकतो, आणि तू रेटिना किती दिवसांत दाखवलेला नाहीस. ओंकारच्या बॅगेतल्या पेनाला यातलं काही माहीत नसणार.

तिकडे मौंजारो मार्चपासून मिळतंय, जूनपासून त्याच जातीचं वेगोवीही आलंय. साताऱ्यात नाही तर पुण्यात एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, दाखव. ग्लिमेपिराइडचं नाव आणि डोस कागदावर लिहून ने. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, कधी स्वादुपिंडाला सूज आली होती का, हे विचारतील. काकूच्या गळ्याचं ऑपरेशन कशाचं होतं ते नानांना आधी विचारून ठेव. ओळखीच्या केमिस्टने "घ्या, काही होत नाही" म्हटलं तरी चिठ्ठीशिवाय घेऊ नकोस.

खर्चाचा हिशेब वर्षांचा धर. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला होता. मीही किती वर्षं घेणार ते डॉक्टरांशी बोलून ठरवतेय. पैशाची अडचण असेल तर संकोच करू नकोस, पेन पाठवत नसले तरी पैसे पाठवीन.

आधी रेटिना. या आठवड्यातच. पुण्याची वेळ मिळाली की कळव. मी त्या दिवशी सुट्टी काढते, डॉक्टरांनी परवानगी दिली तर व्हिडिओवर तुझ्याबरोबर बसेन. भावोजींना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुझी,
माई