बँड बेसूर नसते साहेब, रीड बेकार असते

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत लग्नातल्या बँडवर लेख आला, तो आमच्या गावात चहाच्या टपरीवर एकानं मोठ्यानं वाचून दाखवला अन् मी तिथंच बाकड्यावर बसलो होतो. लेख तसा चांगलाच होता, डीजेच्या भिंतीपेक्षा बँड बरा वगैरे, पण मधातच लिहिलं होतं की खेड्यातल्या सॅक्सोफोनमधून बदकाचा गळा दाबल्यासारखा आवाज येते. झालं, सगळी टपरी माझ्याकडं पाहून हसली. मी बावीस वर्षं झाली बँडमध्ये टेनर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा सॅक्सोफोन, वाजवून राहिलो. राग नाही आला कारण बदक खरं आहे, मी स्वतः कितीदा काढलं. पण ते बदक वाजवणाऱ्याच्या गळ्यात नसते, रीडमध्ये, म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाशी लावलेल्या पातळ पट्टीत असते, अन् हे कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. तुळशीचं लग्न आलं तोंडावर, आता आमचे पोट्टे रीडा घ्यायला शहरात जातील, त्याच्या आधी छापलं तर लय उपकार होतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सॅक्सोफोन दिसते पितळेचं पण त्याचं घराणं सनई-बासरीचं, कॉर्नेट-ट्रंपेटचं नाही. अॅडोल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियमच्या कारागिरानं १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून आजपर्यंत आवाज काढायचं काम त्या बोटाएवढ्या पट्टीकडंच आहे. सनईवाले जिला पत्ती म्हणतात तीच ही, फक्त सनईला पत्ती दुहेरी अन् आपल्याला एकेरी, माउथपीसवर, म्हणजे फुंकायच्या तोंडावर, लिगेचर नावाच्या पट्ट्यानं आवळलेली. तिचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं पातळ असते. एवढ्याशा टोकावर अख्खी वरात चालते.

आता आमच्या लोकांचा पहिला गैरसमज, की रीड बांबूची असते. मीही तेच समजत होतो. एका सीझनला पैसे नव्हते तर आमच्या गावच्या बुरूड काकांकडून बांबूची कांब घेतली, काचेच्या तुकड्यानं घासून घासून दोन रात्री बसून रीड बनवली, अन् खोटं कशाला सांगू, वाजली! पण आवाज असा की माय घरातून बाहेर आली अन् म्हणे, "काहून रे, कुत्र्याले मारून राह्यला का?" अर्ध्या तासात टोक फाटलं. खरी रीड ज्या वनस्पतीची असते ती आपल्या बोरूसारखी, उंच वाढणारी गवताची जात, आतून पोकळ. फ्रान्सच्या दक्षिणेला समुद्रकाठी वार नावाचा भाग आहे, तिथली सगळ्यात नावाजलेली, अर्जेंटिनातही होते. दोन वर्षांची झाली की थंडीत कापतात, मग उन्हात फिरवून फिरवून वाळवतात अन् त्यानंतरही बरेच दिवस मुरू देतात, तेव्हा कुठं चिरायला घेतात. आपल्या कास्तकाराला हे वेगळं सांगायला नको. ओला कापूस जिनिंगवर नेला तर काय होते? भाव पडते. तसंच हिरवट रीडचं. जिची घाई केली ती पहिल्या दिवशी गोड वाजते अन् चौथ्या दिवशी ओल्या पापडासारखी बसते.

म्हणून दुकानात गेलं की आधी साल पाहा. रीडच्या मागच्या अर्ध्या भागावर साल ठेवलेली असते, ती सोनेरी-पिवळी पाहिजे, तिच्यावर तपकिरी ठिपके-डाग असले तर घाबरू नका, मी तर मुद्दाम डागाचीच घेतो. हिरवी झाक दिसली की परत ठेवा. मग रीड मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा, टोकाकडून उजेड आरपार येते अन् मधात एक काळसर सावली दिसते, उलट्या व्ही सारखी. ती सावली बरोबर मधात पाहिजे. डावीकडं कललेली असली की ती रीड एका बाजूनं जड, तोंड कितीही वाकडं करा ती बोंबलणारच. याच उजेडात रेषा पण पाहून घ्या, रेषा म्हणजे काडीचे तंतू, ते सालीपासून टोकापर्यंत सरळ गेले पाहिजे, तिरपे निघाले म्हणजे चिरतानाच चुकलं. बूड पाहा, तिथली गोलाई दोन्हीकडं सारखी पाहिजे, एक खांदा जाड अन् एक पातळ नको. शेवटी सपाट बाजू दुकानाच्या काचेच्या काउंटरवर ठेवून बोटानं दाबा, डुगडुगली तर नको. दुकानदार तोंड वाकडं करते, करू द्या.

नंबरचं मात्र जरा सावकाश सांगतो कारण सगळे पैसे इथंच वाया जातात. आपल्याकडं समज असा की मोठा नंबर म्हणजे मोठा आवाज. वरात रस्त्यावर, ताशा कानात, म्हणून पोट्टे सरळ साडेतीन नंबर मागतात. नंबर जाडीचा नसते भाऊ, कडकपणाचा असते. एकाच मापाच्या रीडा कंपनी मशीनवर वाकवून पाहते, जी कमी वाकली तिला मोठा नंबर. टेनरला हवा आधीच जास्त लागते, त्यात रीड कडक लावली की खालचे सूर, ते सगळ्या चाव्या बंद करून निघणारे, ते निघतच नाही, नुसती हवा फुसफुसते. मग पोरगा दातानं दाबते, ओठ आतून कापते, अन् रात्री अकराला पाहुणे म्हणतात बँडवाला प्यायलेला दिसते. उलट दीड-दोनची नरम घेतली तर खाली मजा, पण वरचे सूर उतरतात अन् जोरात फुंकलं की रीड माउथपीसला चिपकून आवाजच बंद. बदक ते हेच. साधा माउथपीस असला तर अडीचपासून सुरू करा, माउथपीसचं तोंड जास्त उघडं असलं तर अर्धा नंबर खाली या.

अन् एका कंपनीची अडीच दुसरीच्या अडीचएवढी नसते हेही ध्यानात ठेवा. वॅनडोरेनच्या निळ्या डब्यातली अडीच ही रिकोच्या नारिंगी डब्यातल्या अडीचपेक्षा कडक लागते, मला स्वतःला दोघींमध्ये अर्ध्या नंबरचा फरक वाटते. लाव्होजवर तर नंबरच नसते, सॉफ्ट, मीडियम, हार्ड असं लिहिलेलं असते. म्हणून "अडीच द्या" एवढं म्हणून चालत नाही, कोणाची अडीच ते बोला.

माझी तक्रार आहे ती इथं. मागच्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून (नाव लिहीत नाही, दुकानदार ओळखीचा आहे) मी सुट्या सहा रीडा आणल्या, पन्नीत गुंडाळलेल्या, मागं शिक्का अर्धा पुसलेला, तो म्हणे ओरिजनल आहे, डबा फुटला होता. सहापैकी दोन आल्टोच्या, म्हणजे टेनरपेक्षा लहान सॅक्सोफोनच्या, निघाल्या! आल्टोची रीड टेनरपेक्षा अरुंद, ती टेनरच्या माउथपीसवर कडेला उघडी पडते. चूक माझीच, मी घाईत पाहिलं नाही, बस सुटत होती. पण आम्ही खेड्यातून शंभर किलोमीटर जाऊन येणारी माणसं, एका चांगल्या रीडच्या पैशात घरी आठवड्याचा भाजीपाला येते, तर दुकानवाल्यांनी निदान बंद डबा तरी समोर फोडावा. आम्ही चौघं टेनरवाले आता मिळून डबा घेतो, पाच रीडांचा असते, अन् वाटून घेतो. पाचात दोन झकास, दोन कामचलाऊ अन् एक मेलेली, हा माझा हिशोब आहे, कंपनी चांगली असली तरी. गवतच आहे ते, शेवटी एका कणसातले दाणे पण सारखे नसतात.

नवी रीड घेऊन सरळ वरातीत जायचं नाही. दोन मिनिटं पाण्यात, मग पाच-सात मिनिटं मंद वाजवायची, पुसायची, सपाट ठेवायची, असं चार-पाच दिवस. दोन-तीन रीडा आलटून पालटून वापरल्या की जास्त टिकतात, एकच रोज चोखली तर थुंकीनं गळते. आपल्याकडं उन्हाळा हा वेगळाच वैरी आहे. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत दुपारची वरात निघते, दोन गाण्यांच्या मधात पाच मिनिटं थांबलं की टोकाला लाटा पडतात, भजे तळल्यासारख्या. मी खिशात ओला रुमाल अन् झाकणाची डबी ठेवतो, गाणं संपलं की माउथपीसवर टोपी. श्रावणात उलटं, डबीत बुरशी धरते, तेव्हा वाळवूनच बंद करायची. रीड किंचित कडक वाटली तर लगेच फेकू नका, माउथपीसवर केसभर खाली सरकवा, नरम लागते. नरम पडली तर केसभर वर.

आमच्यातले काही म्हणतात सॅक्स हे काय बँडवाल्यांचं वाद्य, त्यात एवढं काय पाहायचं. कद्री गोपालनाथांनी मैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्येच सॅक्स पाहिलं होतं अन् त्याच्यावर कर्नाटकी संगीत वाजवून २००४ मध्ये पद्मश्री घेतली. त्यांचं आल्टो होतं, माझं टेनर आहे, एवढाच काय तो फरक (हसू नका).

तुमच्या लेखकभाऊंनी शब्द मागं घ्यावा असं मी म्हणत नाही, त्या दिवशी खरंच बदक निघालं असेल. पण पुढच्या वरातीत त्यांनी एक मिनिट टेनरवाल्याजवळ उभं राहावं. गाणं संपलं की तो रीड काढून उजेडात धरते, ओठात ओली करते अन् परत लावते. तेव्हा त्याला विचारा कितीची आहे अन् कोणत्या डब्यातली.

आपला,
बँडमधला एक टेनरवाला
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ता.क. प्लास्टिकच्या रीडचं लिहायचं राहिलं. ओली करावी लागत नाही, उन्हात वाकत नाही, एक लय दिवस चालते, पण एकीच्या पैशात साध्या कितीतरी येतात. आमच्या उस्तादांच्या पुतण्यानं घेतली, मी वाजवून पाहिली, मेच्या वरातीला उत्तम आहे. हळदीच्या रात्री मात्र मी माझी डागाचीच लावीन.