तक्रार पत्र: ज्यूसरची तडकलेली जाळी, नाकारलेली वॉरंटी आणि पुस्तिकेतला दुधी-कारल्याचा रस

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
कोल्ड प्रेस ज्यूसर उत्पादक कंपनी

विषय: वॉरंटीतील ज्यूसरची जाळी व तळाची सिलिकॉन रिंग मोफत बदलून मिळणे, तसेच पाककृती पुस्तिकेतील धोकादायक कृती तातडीने मागे घेणे.

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा उभा कोल्ड प्रेस ज्यूसर, म्हणजे पात्याऐवजी फिरत्या स्क्रूने रस पिळणारे यंत्र, आमच्या घरी रोज सकाळी भाज्यांच्या रसासाठी वापरला जातो. वॉरंटी चालू आहे, बिल सोबत जोडले आहे. ज्यूसरची जाळी तडकली आहे, भांड्याच्या तळातून रस झिरपून मोटरवर उतरतो आहे, आणि आपल्या कस्टमर केअरने ‘फिजिकल डॅमेज, कडक भाज्या टाकल्या’ असा शेरा मारून तक्रार बंद करून टाकली. हा शेरा आम्हाला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर लिहीत आहोत, कारण फोनवर दोन वाक्यांपुढे कोणी ऐकून घेत नाही.

पण त्याआधी पाककृती पुस्तिकेबद्दल. आमच्या जाळीचे काय व्हायचे ते होईल, ही गोष्ट थांबण्यासारखी नाही.

पुस्तिकेत ‘मधुमेहींसाठी खास’ म्हणून दुधी, कारले आणि टोमॅटो एकत्र घालून रस काढायला सांगितले आहे, तोही उपाशीपोटी 300 मिली. ही कृती ताबडतोब मागे घ्या. दुधीमध्ये कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्ये असतात. एरवी त्यांचे प्रमाण नगण्य असते, पण एखाद्या फळात ती भरपूर उतरतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. रंग, आकार, ताजेपणा, सगळे चांगल्या दुधीसारखेच दिसते. ओळखायची खूण एकच, कडू चव. असा रस पोटात गेला तर थोड्याच वेळात जोराच्या उलट्या, जुलाब, कधी रक्ताची उलटी होते, रक्तदाब एकदम खाली जातो आणि माणूस दगावूही शकतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि तिचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. समितीचे सांगणे अगदी सरळ आहे. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून बघा. कडू लागला तर दुधी टाकून द्या. दुधीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नका. आपली पुस्तिका नेमकी मिसळायला सांगते, आणि मिसळायला कारलेच देते. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा जिभेला कळणार कसा? चाखून बघण्याची सूचना पुस्तिकेत कुठेही नाही. शिवाय मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी एवढा कारल्याचा रस घेतला तर साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते, त्याबद्दलही एक शब्द नाही.

त्याच पुस्तिकेत ‘रस फ्रिजमध्ये 72 तास ताजा राहतो’ असे छापले आहे. हेही बदला. गाजर, काकडी, दुधी यांच्या रसात आंबटपणा जवळपास नसतो आणि घरी काढलेला रस उकळून जंतुमुक्त केलेला नसतो. फळांच्या आंबट रसाचा हिशेब याला लागू पडत नाही. 2006 साली अमेरिकेत आणि कॅनडात बाटलीबंद गाजराचा रस पुरेसा थंड न राहिल्यामुळे बोट्युलिझमची विषबाधा झाली होती, आणि तो रस तर कारखान्यात प्रक्रिया केलेला होता. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांच्या वर जातो, त्यात वीज गेली की फ्रिजचा भरवसा राहत नाही. रस काढल्यावर अर्ध्या तासात प्यावा, ठेवायचाच तर लिंबू पिळून, काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीत, थंड फ्रिजमध्ये आणि फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत, एवढेच छापा.

पालकाचेही तसेच. रोज 250 ग्रॅम कच्चा पालक पिळून प्या, हा सल्ला सरसकट सगळ्यांना देता येत नाही. पालकात आणि बीटमध्ये ऑक्झलेट भरपूर असते, मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्याला ते नडते. रक्त पातळ ठेवण्याची वॉरफेरिनची गोळी चालू असलेल्याने पालेभाजी एकदम वाढवायची नसते, कारण तिच्यातले के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पालकातल्या पोटॅशियमचा प्रश्न असतो. दोन ओळींची सूचना छापायला फार कागद लागत नाही.

आता मशीनकडे वळतो.

तडा नेमका कुठे आहे ते पाहा. स्टीलची बारीक जाळी आणि तिला धरणारी प्लॅस्टिकची चौकट जिथे जुळतात त्या खालच्या कड्यावर, चोथा बाहेर पडण्याच्या तोंडाच्या बरोबर वर, केसाएवढी चीर आहे. जाळी नुसती हातात घेतली तर ती दिसत नाही. खिडकीसमोर धरून कडे दोन्ही अंगठ्यांनी हलके दाबले की चीर उघडते आणि तिच्यात गाजराचा केशरी रंग बसलेला दिसतो. ही जागा योगायोगाने आलेली नाही. स्क्रू भाजीला वरून खाली ढकलत नेतो, खाली जाता जाता जागा अरुंद होत जाते आणि सगळा दाब शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये जमा होतो. जिथे सर्वांत जास्त ताकद लागते तिथेच आपण सर्वांत पातळ प्लॅस्टिक दिले आहे.

‘कडक भाज्या टाकल्या’ हे आपले उत्तर आपल्याच पुस्तिकेशी जुळत नाही. पहिल्याच पानावर ‘चिरण्याची गरज नाही, अख्खे गाजर टाका’ असे आहे आणि जाहिरातीतही तसेच दाखवता. अख्खे गाजर स्क्रूला एका बाजूने भिडते, स्क्रू विरुद्ध बाजूला कलतो आणि जाळीच्या आतल्या उभ्या पट्ट्यांवर घासतो. कर्रकर्र आवाज येतो तो याचाच. म्हणून आमच्याकडे अख्खे गाजर कधी मशीनमध्ये जात नाही. गाजराची दोन्ही टोके उडवून बोटाएवढ्या जाडीच्या उभ्या फोडी करतो, लांबी पाच सेंटिमीटर. उन्हाळ्यात मंडईत जून गाजर येते, त्याचा आतला दांडा कठीण असतो, तो काढून टाकतो. बीट सोलून दोन सेंटिमीटरच्या फोडी. पालक आणि कोथिंबीर देठासकट, पण पाच सेंटिमीटरवर कापून, कारण लांब देठांचे दोर स्क्रूभोवती गुंडाळले जातात आणि चोथ्याचे तोंड तुंबते. आले रेषांच्या आडवे, पातळ चकत्या करून. आवळा बी काढून. लिंबू सोलून, कारण सालीतल्या तेलाने रस कडवट होतो.

दोन पेल्यांसाठी म्हणजे साधारण 400 मिलीसाठी गाजर 300 ग्रॅम, काकडी 250 ग्रॅम, बीट 60 ग्रॅम, मूठभर पालक, पाच ग्रॅम आले आणि अर्धे लिंबू असे आमचे प्रमाण आहे. आधी काकडी, मग काकडीच्या फोडींमध्ये दाबून पालक, नंतर गाजर-बीट एकेक फोड करून, आणि शेवटी उरलेली काकडी, म्हणजे आत अडकलेला चोथा तिच्याबरोबर निघून जातो. आधीच्या फोडीचा आवाज बसल्याशिवाय पुढची फोड टाकत नाही. काकडीचीही टोके कापून ती चाखून घेतो, ती दुधीच्याच कुळातली आहे. यापेक्षा हलक्या हाताने हे मशीन कसे चालवायचे ते आपल्या टेक्निशियनने येऊन दाखवावे.

तडा गेल्यापासून रसात बारीक काळसर कण येतात. पांढऱ्या मलमलीतून रस गाळला की कापडावर राखाडी-काळी रेघ उमटते. भाजीचा रंग पाण्याने पसरतो, ही रेघ चोळली तरी जागची हलत नाही. कण स्क्रूच्या प्लॅस्टिकचे आहेत की जाळी पुसत फिरणाऱ्या ब्रशच्या सिलिकॉनचे, हे आपण तपासून लेखी सांगा. तोवर आम्ही मशीन बंद ठेवले आहे. घरातल्यांच्या पोटात जाणारी वस्तू आहे, इथे अंदाजावर चालत नाही.

गळतीचे कारण वेगळे आहे. भांड्याच्या तळाशी, मधल्या दांड्याभोवती जी सिलिकॉनची रिंग आहे ती सैल पडून तिची कड दुमडली आहे. त्यामुळे रस दांड्यावरून खाली उतरतो. गाजराच्या रसात साखर असते, ती वाळली की दांडा चिकट होतो, मोटर जास्त ताकद घेते आणि लवकर तापते. चोथ्याच्या तोंडाखालचे रबरी बूच नीट बसलेले असते, त्याचा इथे संबंध नाही. हे आधीच लिहितो, कारण कस्टमर केअरचा पहिला प्रश्न तोच असतो.

मोटरबाबत आपल्या दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पुस्तिका म्हणते, सलग 30 मिनिटे चालवा. मशीनच्या तळाच्या पट्टीवर ‘केबी 10 मिनिटे’ कोरलेले आहे, म्हणजे सलग दहा मिनिटांपुढे चालवायचे नाही, नंतर गार होऊ द्यायचे. आम्ही पट्टीचे ऐकतो. पण पट्टी तळाला आहे, ती मशीन उलटे केल्याशिवाय दिसत नाही. पुस्तिका वाचून अर्धा तास चालवणाऱ्याची मोटर जळाली तर दोष कोणाचा? सोलापूरच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरच इतके तापलेले असते की मोटरला गार व्हायला दुप्पट वेळ लागतो.

‘90 टक्के रस’ हा दावाही काढून टाका. मशीन नवे असताना अर्धा किलो गाजराचा रस 250 मिलीच्या आसपास निघायचा, आणि स्क्रूने पिळणाऱ्या घरगुती यंत्राकडून गाजराचा एवढाच रस अपेक्षित असतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आता तो बराच कमी झाला आहे. चोथा पूर्वी मुठीत दाबला तर भुरभुरायचा, आता बोटांमधून रस ठिबकतो. (हा चोथा आम्ही टाकत नाही. रसातून निघून गेलेले तंतू त्यातच असतात, म्हणून दोन वाट्या भाजणीला एक वाटी चोथा घालून थालीपीठ लावतो. ओल्या चोथ्याचे पीठ सैल होते आणि थालीपीठ तव्याला धरते, त्यामुळे हा फरक लगेच कळतो.)

जाळी तुंबल्यामुळे रस कमी येतो असे आपण म्हणाल, म्हणून तेही सांगतो. इथे बोअरचे पाणी जड आहे. नुसत्या पाण्याने धुतलेल्या जाळीवर पांढरट थर धरतो आणि बारीक छिद्रे बुजतात. पुस्तिकेत फक्त ‘पाण्याने धुवा’ एवढेच आहे. आम्ही रस काढल्याबरोबर जाळी ब्रशने आतून-बाहेरून घासतो आणि आठवड्यातून एकदा अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत्व घालून त्यात ती अर्धा तास बुडवून ठेवतो. उकळते पाणी कधीच नाही, त्याने प्लॅस्टिक वाकते. उजेडात धरली की जाळीचे प्रत्येक छिद्र मोकळे दिसते, फोटो जोडला आहे. ही पद्धत पुस्तिकेत घाला, महाराष्ट्रात जड पाण्याची गावे काही कमी नाहीत.

सेवेबद्दल थोडक्यात. आपल्या यादीत सोलापूरचे नाव सेवा उपलब्ध असलेल्या शहरांत आहे. प्रत्यक्षात मशीन स्वखर्चाने पुण्याला पाठवा असे सांगण्यात आले. जाळी सुटी विकत मागितली तर ती सुटी मिळत नाही, भांड्याचा पूर्ण संच घ्या, असे उत्तर मिळाले. जाळी, सिलिकॉन रिंग आणि ब्रश हे झिजणारे भाग आहेत. ते सुटे, ठरलेल्या छापील किमतीत मिळायलाच हवेत.

आमचे म्हणणे असे. जाळी आणि सिलिकॉन भागांचा संच सोलापुरात घरपोच, मोफत बदलून द्यावा आणि मोटरमध्ये उतरलेला रस तपासून साफ करून द्यावा. जाळीचे कडे आहे तसेच पातळ असेल तर नवी जाळीही तिथेच तडकेल. अशा वेळी मशीन परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. काळ्या कणांचा लेखी खुलासा आणि अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या प्लॅस्टिकचे प्रमाणपत्र पाठवावे. दुधी-कारल्याची कृती मागे घेतल्याचा मराठी संदेश हे मशीन घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला मोबाइलवर जावा. आमच्या जाळीसाठी 15 दिवस थांबायची तयारी आहे, या संदेशासाठी नाही. तो याच आठवड्यात गेला पाहिजे.

15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून आम्ही सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करू. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 84 नुसार, इजा टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा दिला नसेल तर उत्पादक जबाबदार धरला जातो. आपल्या पुस्तिकेची पाने आम्ही जपून ठेवली आहेत. तडकलेली जाळी आणि काळी रेघ उमटलेली मलमलही ठेवली आहे. टेक्निशियन येईल तेव्हा ती दाखवू, पण लेखी पोच दिल्याशिवाय हातची सोडणार नाही. सकाळी 10 ते दुपारी 1 या वेळेत, आदल्या दिवशी फोन करून यावे.

आपले,
ग्राहक कुटुंब, सोलापूर
(सही)

सोबत: बिल व वॉरंटी कार्डाची प्रत, तळाच्या पट्टीचा फोटो, जाळीचे व चिरेचे फोटो, पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती, बंद केलेल्या तक्रारीचा संदेश.