ट्रिगर हलका नको, स्वच्छ हवा

दादर, मुंबई

प्रिय शुभा,

तुझं पत्र आणि टार्गेटचे फोटो मिळाले. गोळ्या सगळ्या खाली डावीकडे, सात वाजताच्या जागी, आणि ट्रिगर जड नि खरखरीत लागतोय. म्हणून ओळखीच्या कारागिराकडून आतला सीअर (हॅमर अडवून धरणारा खटका) घासून घ्यायचं मनात आहे, असं लिहिलंयस. तेवढं करू नकोस गं, म्हणून आजच लिहायला बसले.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात प्रत्येक गोळीनंतर नळीमागचा सरकता बोल्ट झपाट्याने मागे येऊन पुढे आपटतो, आणि त्या दणक्यातही सीअरने हॅमर, म्हणजे पिनवर आपटणारी हातोडी, धरून ठेवायचा असतो. ती पकड घासून कमी केली की ट्रिगर पहिले काही दिवस लोण्यासारखा लागतो. पण पुष्कळ पिस्तुलांत त्या भागांचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो. तो गेला की खालचं मऊ लोखंड भराभर झिजतं. मग कधी हॅमर बोल्टबरोबर खाली येतो, तर कधी एका दाबात दोन गोळ्या सुटतात. शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्रदुरुस्तीचा धंदा करताच येत नाही. काम निघालंच तर परवानाधारक आर्मररकडेच दे.

आधी पिस्तूल साफ कर. तुझ्या पॉइंट टू-टूच्या, म्हणजे 0.22 इंची, गोळीवर मेणासारखं वंगण असतं. त्यात जळकी दारू नि जास्तीचं तेल मिसळून ट्रिगरच्या सांध्यांत चिकट काजळी साचते. इथे वरळीच्या रेंजवर पावसाळ्यात हवा खारट नि दमट, म्हणून हात सैल सोडून तेल घालणारे पुष्कळ दिसतात. तेल हवंच, पण थेंबाने. निम्मी खरखर साफसफाईतच जाईल असं मला वाटतं.

मग ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर. एअर पिस्तुलाला किमान 500 ग्रॅम आणि तुझ्या 25 मीटर पिस्तुलाला 1000 ग्रॅम, म्हणजे बोटाला एकदम दुप्पट काम. हजाराच्या खाली जाता येतच नाही. तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला वजन टांगतात. ते उचललं गेलं पाहिजे, म्हणून हजारावर थोडी माया ठेवच. पण हे हजार वाटायचे कसे, ते आपल्या हातात आहे. पार्डिनी असो की वाल्थर, स्पर्धेच्या पिस्तुलात त्यासाठी स्क्रू असतात. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो; मी पहिल्या टप्प्यावर तीन चतुर्थांश भार ठेवते नि दुसऱ्यावर उरलेला. रॅपिड, म्हणजे झटपट गोळीच्या फेरीत टार्गेट तीनच सेकंद मिळतं. हात वर येता येता पहिला टप्पा घेऊन झाला, की टार्गेटपाशी पोचल्यावर बोटाला अडीचशे ग्रॅमचंच काम उरतं. दुसऱ्या टप्प्यात ट्रिगर जराही सरकू नये, वजन भरलं की सुटावा. सुटल्यानंतर तो मागे धावत असेल तर ट्रिगर स्टॉप, म्हणजे त्याला अडवणारा स्क्रू, जवळ आण, पण इतका नको की गोळीच सुटायला अडचण होईल. स्क्रू एका वेळी एकच फिरव, तोही पाव आटा, आणि आधीची जागा वहीत लिहून ठेव.

आता खाली डावीकडचं. उजव्या हाताने नेमबाजी करणाऱ्याच्या गोळ्या तिथे जातात त्या बहुतेक वेळा बोटाबरोबर सगळी मूठ आवळली जाते म्हणून. हिशेब करून बघ: पुढच्या नि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर नियमाने जास्तीत जास्त 220 मिलिमीटर. तेवढ्यात फ्रंट साइट एक मिलिमीटर हलली, की 25 मीटरवर गोळी सुमारे 11 सेंटिमीटर सरकते. प्रिसिजन, म्हणजे सावकाश अचूक नेमाच्या फेरीच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ अवघं 50 मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे मध्यावरून त्याच्या कडेपर्यंत जायला पाव मिलिमीटरदेखील लागत नाही! किलोभर वजनाचं पिस्तूल नि ट्रिगरवर जवळजवळ तेवढाच जोर; तो सरळ मागे गेला नाही तर पिस्तूल हलणारच. म्हणून ट्रिगरची पट्टी पुढेमागे करून बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य तिच्यावर बसव, आणि बोटाचा बाकीचा भाग ग्रिपला टेकणार नाही असं बघ.

आणि ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर दाबायचा सराव. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी बघितलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. पॉइंट टू-टूची फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटून कड चेपते, म्हणून ड्राय फायरची सोय असेल तर ती, नाहीतर स्नॅप कॅप, म्हणजे खोटी गोळी, वापर. समोर टार्गेट नको, कोरी भिंत. ट्रिगर सुटताना फ्रंट साइट जागची हलली का, एवढंच बघ. हा सराव मला रेंजवरच्या सरावाहून मोलाचा वाटतो. तुमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत याच 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. तेव्हा कोल्हापुरात राहून हे जमत नाही असं पुन्हा लिहू नकोस!

साफसफाई झाली की प्रिसिजनच्या सहाही मालिकांचे फोटो वेगवेगळे पाठव. गणपतीनंतर मुंबईला येशील तेव्हा पिस्तूल आण, परवान्याचे कागद बरोबर ठेव; माझ्याकडचं वजन लावून बघू. काकूंना नमस्कार.

तुझी,
मेधा