मुलाजवळ कोण थांबणार, ते आधी लिहून ठेवा

मा. आरोग्यमंत्री,
गोवा राज्य, पणजी.

सप्रेम नमस्कार.

कोविडचं नाव आता कोणी काढत नाही, म्हणूनच हे पत्र आता लिहितो. तेव्हा लिहिलं असतं तर ते भांडण झालं असतं.

जून २०२१. आमची मुलगी पाच वर्षांची, ताप १०२ पर्यंत जायचा. आम्ही सत्तरी तालुक्यातले, सरकारी दवाखाना हाकेच्या अंतरावर. तरी तीन दिवस तिला घरीच ठेवलं. पॅरासिटामोल, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या, पेज. शेजाऱ्यांचा ऑक्सिमीटर आणला, पण तो मोठ्यांच्या बोटाचा. तिचं इवलंसं बोट त्यात टिकेना. आकडा घटकेत ९८, घटकेत ८४. ८४ दिसला की ही देव्हाऱ्याकडे बघायची आणि मी बॅटरी बदलायचो.

आम्ही दोघंही शिकलेले. दवाखाना का टाळला? विषाणूचं भय होतंच. पण त्याहून मोठं भय त्या दाराचं होतं. तिला आत नेतील आणि आपण बाहेर राहू. गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाच्या, बातम्या ताज्या होत्या. ११ मे रोजी पहाटे २ ते ६ या वेळात २६ रुग्ण दगावल्याचं आरोग्यमंत्र्यांनीच पत्रकारांना सांगितलं होतं, आणि प्राणवायूचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला होता. वर जो तो सांगायचा, तिसरी लाट मुलांवर येणार. वाड्यावरची एक आजी एवढंच म्हणाली, "भुरग्याक एकल्याक धाडूं नाका." पोराला एकटं धाडू नका.

चौथ्या दिवशी मात्र न्यावं लागलं. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांशी माझं वैर नाही. स्वॅब घेतला आणि अहवाल येईपर्यंत मूल आत, आईबाप बाहेर. नियम कुठला, ते कोणी सांगेना. सिक्युरिटीवाला म्हणाला डॉक्टरांना विचारा, डॉक्टर म्हणाले वरून आलंय. आत तिचं रडणं ऐकू येत होतं. मग थांबलं, आणि ते थांबलेलं जास्त वाईट होतं.

रात्री साडेअकराला एका नर्सबाईंनी स्वतःच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावला. पीपीई किटमधून डोळेसुद्धा धड दिसत नव्हते. मुलगी झोपली होती, हाताला सलाईन. "घाबरू नका, दूध प्यायली आहे," एवढंच त्या बोलल्या. त्यांचे उपकार विसरणार नाही. पण आम्हाला त्या रात्री जे मिळालं ते एका बाईच्या चांगुलपणामुळे. दुसरी कोणी ड्युटीवर असती तर? दुपारी अहवाल निगेटिव्ह आला. साधा व्हायरल ताप होता.

संसर्ग पसरू नये म्हणून नातेवाइकांना अडवतात, हे समजतं. पण जी आई तीन रात्री त्या पोरीला कुशीत घेऊन झोपली होती, तिला दारात अडवून मुलीचा कोणता संसर्ग टळला? आणि आई वॉर्डात फिरेल ही भीती असेल, तर तिला किट द्या, खाटेजवळ बसवा, बाहेर येऊ देऊ नका. ती एका पायावर तयार होती.

त्याच महिन्यात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने मुलांच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. मुलांना रेमडेसिव्हिर नको, पाच वर्षांपर्यंतच्यांना मास्कची सक्ती नको, सीटी स्कॅन ऊठसूट करू नका. चांगलं काम होतं. जागतिक आरोग्य संघटना तर २०२० पासून सांगत होती, की आईला कोविड असला तरी नवजात बाळ तिच्यापासून तोडू नका, अंगावर पाजू द्या. आपल्याकडे मुलांसाठी खाटा आणि व्हेंटिलेटर मोजले गेले. खाटेशेजारच्या स्टुलावर कोण बसणार, हे कुठल्या कागदावर होतं, ते मला तरी त्या रात्री कोणी दाखवलं नाही.

तेवढंच मागतो. साथ कुठलीही असो, दहा-बारा वर्षांखालच्या मुलाजवळ घरचं एक माणूस थांबेल, असा लेखी आदेश आताच काढा. अतिदक्षता विभागात ते शक्य नसेल तर डॉक्टरांनी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, इस्पितळाच्या फोनवरून घरच्यांशी बोलावं. पाचच मिनिटं, पण कोकणीत किंवा मराठीत. "सॅच्युरेशन मेंटेन आहे" हे ऐकून माझ्या आईला काय कळणार? आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात मुलांच्या बोटाला बसेल असा ऑक्सिमीटर ठेवा. खर्चाच्या मानाने ही मागणी सांगायलाही लाज वाटते.

आदेश निघाला तर तो फाईलमध्ये ठेवू नका. केसपेपरच्या खिडकीशेजारी लावा. आमच्याकडे तिथे डासांपासून बचावाचं एक जुनं पोस्टर आहे, निम्मं फाटलेलं. त्याच्या बाजूला भरपूर जागा आहे.

आपला,
सत्तरीतील एक बाप